गाणं आधी बोलून बघ

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझी यादी मिळाली. 21 जूनची संध्याकाळ, एक तास, बारा फ्रेंच गाणी, साथीला हार्मोनियम, गिटार आणि जमलं तर तबला. शेवटी लिहिलंयस, ‘मॅडम, उच्चार तेवढे तपासून द्याल का?’ उच्चार तपासून देईनच. पण यादी वाचताना जे मनात आलं ते आधी लिहिते. ही गाणी मी आयुष्यभर जपली आहेत. आता ती तुझ्या गळ्यातून ऐकायला मिळणार, या आनंदात गेले दोन दिवस घरातल्या जुन्या कॅसेटी आणि सीड्या काढून बसले आहे.

पहिली गोष्ट, यादी निम्मी कर. एका तासात बारा गाणी बसतात, पण ऐकणाऱ्याच्या मनात ती बसत नाहीत. यातलं बहुतेक गाणं तीन-चार मिनिटांचं असलं तरी त्यात एक आख्खी गोष्ट असते. समोरच्या निम्म्या लोकांना फ्रेंच येत नसणार. त्यांना प्रत्येक गाण्याआधी ती गोष्ट मराठीत, चार-पाच वाक्यांत, घाई न करता सांगावी लागेल. सहा, फार तर सात गाणी घे.

दुसरी गोष्ट जरा नाजूक आहे. तू विशारद झालीस, तुझा सूर पक्का आहे, दमसास चांगला आहे. मला काळजी वाटते ती त्याचीच. तयार गळा आपसूक जागा शोधतो. इथे मुरकी, तिथे हरकत, शेवटी एखादी छोटी तान. आपल्या गाण्यात ते शोभतं. फ्रेंच शाँसोंच्या, म्हणजे शब्दांना जपणाऱ्या गाण्यांच्या, या परंपरेत मात्र गाणारा आधी सांगणारा असतो. चाल मुद्दाम साधी ठेवलेली असते, कडव्यामागून कडवं तीच येते, म्हणजे बदलतं काय तर फक्त शब्द. ऐकणाऱ्याचं सगळं लक्ष तिथे जावं हाच हेतू. बाबूजींचं गाणं ऐकताना हातात कागद नसला तरी एकेक अक्षर कानात नीट उतरतं, हा अनुभव तुला आहे. तोच कान इथे लाव. मी पुढे जे जे लिहिणार आहे ते सगळं या एका गोष्टीपाशी येतं: गाणं आधी बोलून बघ. बोलून सांगता आलं, तर गा.

गायिका एदित पियाफपासून सुरू करते, कारण तुझ्या यादीत तिचीच चार गाणी आहेत. ‘ईम्न आ लामूर’, म्हणजे प्रेमाचं स्तोत्र, तू पहिलं घातलंस. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकच्या उद्घाटनाला भर पावसात आयफेल टॉवरवरून सेलीन दियोंने ते गायलं आणि तुमच्या पिढीच्या घराघरांत पोचलं, ते हे गाणं. शब्द पियाफचेच, चाल मार्ग्रीत मोनोची. मोनो ही फार मोठी संगीतकार, तिचं नाव कार्यक्रमात आवर्जून घे. पियाफचं प्रेम होतं मार्सेल सेर्दां या मुष्टियोद्ध्यावर. 28 ऑक्टोबर 1949 ला तिला भेटायला न्यूयॉर्कला निघालेलं त्याचं विमान अझोर्स बेटांवर कोसळलं. त्या रात्रीही ती न्यूयॉर्कच्या रंगमंचावर उभी राहिली. पुष्कळांना वाटतं की हे गाणं त्याच्या मृत्यूनंतरचं आहे. तसं नाही. तो गेला त्याच्या दीड महिना आधी, सप्टेंबरमध्ये, तिने ते न्यूयॉर्कच्या कॅबरेत गायलं होतं. रेकॉर्डिंग झालं 1950 मध्ये. ही तारीख मी तुला पाठ करायला सांगत नाही, पण गाताना तिचा उपयोग होतो. आकाश कोसळलं तरी चालेल, तू म्हणशील तर देश सोडीन, मित्र सोडीन, असं जी बाई म्हणते तिचा माणूस त्या वेळी जिवंत आहे. ती प्रेमाच्या भरात बोलते आहे. म्हणून पहिल्या ओळीपासून रडवेला सूर लावू नकोस. शेवटच्या कडव्यात मरणाची गोष्ट येते, तिथेही आवाज भरून आणू नकोस. ऐकणाऱ्याला पुढचं ठाऊक असेल, तेवढं पुरे. हे गाणं ठेव, पण शेवटी ठेव.

‘नों, ज न रग्रेत रियँ’ (‘नाही, मला कशाचाच पश्चात्ताप नाही’) मात्र काढून टाक. कारण गाण्यात नाही, ऐकणाऱ्यांच्या कानात आहे. जाहिरातींत, सिनेमांत ते इतकं वाजलंय की पहिले तीन सूर ऐकले की लोक माना डोलवायला लागतात आणि शब्द ऐकायचे राहून जातात. त्याच्या जन्माची गोष्ट मात्र तुला माहीत असू दे. 1960 चं साल, पियाफ 44 वर्षांची, शरीर पार मोडलेलं. शार्ल द्युमों या तरुण संगीतकाराला तिने याआधी अनेकदा परत पाठवलेलं. तो गीतकार मिशेल व्होकेरबरोबर पुन्हा तिच्या घरी गेला, पियानोवर हे गाणं वाजवलं आणि तिने ते पुन्हा पुन्हा वाजवायला लावलं. त्या हिवाळ्यात ओलँपिया थिएटर कर्जात बुडत होतं, मालक ब्रुनो कोकात्रिक्सने तिला गळ घातली आणि ती आजारी असताना उभी राहिली, आठवड्यांमागून आठवडे गायली. थिएटर वाचलं. ती स्वतः तीन वर्षांत, 47 व्या वर्षी गेली. चर्चने धार्मिक अंत्यविधी नाकारला आणि पॅरिसचे रस्ते माणसांनी भरून वाहिले.

त्याऐवजी तिचं ‘ला फूल’ घे. सणाची गर्दी आहे, त्या लोंढ्यात एक मुलगी ढकलली जाते ती थेट एका अनोळखी तरुणाच्या मिठीत. गर्दीच त्यांना नाचवते, गर्दीच त्यांना उचलून नेते, आणि मग तीच गर्दी त्याला तिच्यापासून ओढून लांब घेऊन जाते. ती ओरडते, झगडते, तो पुन्हा सापडत नाही. चाल मुळात दक्षिण अमेरिकेतली, आंखेल काब्राल या अर्जेंटिनाच्या संगीतकाराची. पियाफने ती तिकडच्या दौऱ्यात ऐकली आणि 1957 मध्ये मिशेल रिव्हगोशने तिच्यावर नवे फ्रेंच शब्द लिहिले. शब्द इतके दाटीने येतात की श्वास घ्यायला जागा राहत नाही, आणि ती तशी राहू नये म्हणूनच ते लिहिलेत. तुला वाटेल लय जरा कमी करून सोपं करावं. नको. धाप लागू दे.

हे तीन मात्रांचं गाणं आहे, म्हणजे तुझा तबलजी सवयीने दादरा धरणार. त्याला आधीच सांग. दादऱ्यात चौथ्या मात्रेला खाली येते, लयीला एक हेलकावा मिळतो. इथे दर तीन मात्रांच्या पहिल्या मात्रेवर तेवढंच वजन हवं, एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, माणूस गोल गोल फिरतो तसं. जमत नसेल तर तबला या गाण्यापुरता बाजूला ठेव आणि हार्मोनियमवर डाव्या हाताने पहिली मात्रा आणि उजव्या हाताने पुढच्या दोन दे. अकॉर्डियन नाही म्हणून तू खट्टू झालेली दिसतेस. अगं, दोन्ही वाद्यं एकाच कुळातली आहेत, हवेने थरथरणाऱ्या पत्तीची. आणि आपण जिला अस्सल देशी पेटी समजतो तिचं मूळ वाद्य 1840 च्या सुमारास पॅरिसमध्ये आलेक्साँद्र दबँ याने घडवलं, हार्मोनियम हे नावही त्यानेच दिलं. कोलकात्यात तिला हाताचा भाता मिळाला आणि मग ती आपल्या मांडीपाशी आली. पेटीवर शाँसों वाजली तर ती आपल्या माहेरीच वाजते असं समज.

आता ‘ले फय मोर्त’. हे माझ्या विद्यार्थिदशेतलं गाणं. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकत असताना आमच्या सरांनी एक दिवस पुस्तक मिटायला लावलं आणि टेपरेकॉर्डर लावला. इव्ह मोंताँचा आवाज. सरांनी कागदावर शब्द टाइप करून आणले होते, मधल्या जागा रिकाम्या. कानाने ऐकून त्या भरायच्या. टेप पुन्हा मागे घ्यायची, पुन्हा ऐकायचं. माझ्या कागदावरच्या बऱ्याच जागा कोऱ्या राहिल्या, पण घरी जाताना एक गोष्ट पक्की कळली होती: हा माणूस गात नव्हताच, तो कुणाला तरी समोर बसवून जुनी आठवण काढत होता आणि मध्येच त्या बोलण्याचं गाणं झालं होतं.

ते तसंच बांधलेलं आहे. शब्द कवी जाक प्रेव्हेरचे, चाल जोझेफ कोस्माची. कोस्मा हंगेरीहून आलेला ज्यू, युद्धाच्या काळात फ्रान्समध्ये दडून राहिलेला. 1946 च्या एका सिनेमासाठी गाणं झालं, सिनेमा पडला, गाणं राहिलं आणि इंग्रजी शब्दांनिशी जगभर गेलं. जॅझवाल्यांनी ते हजार प्रकारांनी वाजवलं. पण बहुतेक जण सुरुवातीचा लांब भाग गाळून थेट ध्रुवपदावर येतात, आणि तुझ्या नोटेशनमध्येही तेच झालंय. तो भाग परत घाल. आपण मित्र होतो ते सुखाचे दिवस तुला आठवावेत, असं म्हणत तो सुरू होतो. गळलेली पानं फावड्याने गोळा करतात, तशाच आठवणी आणि तसेच पश्चात्ताप, आणि उत्तरेचा वारा ते सगळं उचलून विस्मरणाच्या थंड रात्रीत नेतो. एवढं बोलून झाल्यावर जेव्हा ध्रुवपद येतं तेव्हा ते कमावलेलं असतं. सुरुवातीला पेटीचा एकच स्वर धरून ठेव, लय मोजू नकोस, बोलल्यासारखं म्हण. तुझ्या आवाजाला हे गाणं शोभेल याची मला खात्री आहे.

कार्यक्रम उघडायला शार्ल त्रनेचं ‘ला मेर’, म्हणजे समुद्र, हे गाणं घे. त्रने नार्बोनचा, म्हणजे भूमध्य सागराच्या बाजूचा. 1943 मध्ये रेल्वेने जाताना खिडकीतून ते किनारे बघत त्याने हे शब्द लिहिले आणि 1946 मध्ये ते रेकॉर्ड झालं. त्यात तक्रार नाही, विरह नाही, नुसतं पाणी, पाऊस, ढग, पांढरे पक्षी. हसऱ्या चेहऱ्याने गा. त्याच्या कित्येक गाण्यांत असा उजेड आहे, आणि तो युद्धाच्या काळात लिहिलेला उजेड आहे, म्हणून मला तो फार मोलाचा वाटतो.

जॉर्ज ब्रासँस तुझ्या यादीत नाही! हे मात्र मी चालवून घेणार नाही. मला समजतं, का नाही ते. गाणारीला तिथे दाखवायला काही नाही. एक गिटार, मागे पिएर निकोलाचा डबल बास, भरघोस मिश्यांचा एक संकोची माणूस, खुर्चीवर एक पाय ठेवलेला, कपाळावर घाम, चेहऱ्यावर जवळजवळ काहीच भाव नाही. पण मला विचारशील तर या सगळ्यांत शब्दाचा सगळ्यांत मोठा कारागीर तोच. अकादेमी फ्राँसेझ या फ्रेंच भाषेच्या मानाच्या संस्थेने 1967 मध्ये त्याला कवितेचा पुरस्कार दिला. ‘ल गोरीय’ या त्याच्या गाण्याला 1950 च्या दशकात रेडिओने दारं बंद केली होती, त्याच माणसाला.

त्याचं ‘शाँसों पूर लोव्हेर्न्या’, म्हणजे ओव्हेर्न्य प्रांतातल्या माणसासाठी गाणं, घे, 1954 चं. पार्श्वभूमी अशी. युद्धात जर्मनांनी फ्रेंच तरुणांना सक्तीने कामाला नेलं, त्यात ब्रासँस बर्लिनजवळच्या बास्डॉर्फला गेला. 1944 मध्ये रजेवर आला तो परत गेलाच नाही. पॅरिसच्या चौदाव्या विभागातल्या एका बोळात, आँपास फ्लोरिमोंमध्ये, जान आणि मार्सेल प्लाँश या गरीब जोडप्याने त्याला लपवलं. घरात धड पाणी नाही, वीज नाही. युद्ध संपलं, तो प्रसिद्ध झाला, पैसा आला, तरी 1966 पर्यंत तो तिथेच राहत होता. या गाण्यात तीन माणसांचे आभार आहेत. एकाने कडाक्याच्या थंडीत चार लाकडं दिली. एकीने भुकेच्या वेळी पावाचे चार तुकडे दिले. आणि तिसरा अगदीच परका, त्याने काहीच दिलं नाही. पोलीस पकडून नेत होते आणि बाकीचे भले लोक हसत होते, तेव्हा तो फक्त उदास हसला. तिघांसाठी चाल एकच. तिघांना शेवटी एकच आशीर्वाद, की मरणानंतर तुम्हाला थेट देवाच्या दारापर्यंत नेलं जावो.

हे गाताना तुझा हात आपोआप वर जाईल, चेहऱ्यावर करुणा येईल. दोन्ही आवर. लाकडाची गोष्ट लाकडाची म्हणून सांग, पावाची पावाची म्हणून. तिसऱ्या कडव्यात त्या हसण्यापाशी अर्धा क्षण थांबलीस तरी पुरे. ब्रासँसच्या उच्चारात दक्षिणेची झाक आहे, तो सेतचा. पॅरिसवाले शब्दाच्या शेवटचा जो ‘अ’ गिळतात तो त्याच्याकडे ऐकू येतो, आणि त्याच्या ओळी अक्षरं मोजून बांधलेल्या असल्यामुळे तो गाळला तर ओळ लंगडते. मी कागदावर असे सगळे ‘अ’ लाल पेनाने गोल केले आहेत. सेतला मी गेले आहे. समुद्रकिनारी पुरावं अशी लांबलचक विनंती त्याने गाण्यातून केली होती. त्याची कबर आहे ती ल पी या साध्या दफनभूमीत, तळ्याच्या बाजूला. वरच्या टेकडीवरची, समुद्राकडे बघणारी प्रसिद्ध दफनभूमी कवी पॉल व्हालेरीची, आणि गाण्यात ब्रासँसने त्याची आदराने माफीही मागितली आहे.

बार्बाराचं तू ‘लेग्ल न्वार’ निवडलंस. ते सुंदर आहे, पण माझं ऐकशील तर ‘गॉटिंगेन’ गा. बार्बारा, खरं नाव मोनिक सेर्फ, ज्यू घरातली. लहानपणी युद्धात कुटुंबाबरोबर गावं बदलत, लपत वाचलेली. 1964 मध्ये जर्मनीतल्या गॉटिंगेन या विद्यापीठाच्या गावातून तिला गायला बोलावणं आलं. जायची इच्छा नव्हतीच. गेली, तर तिने मागितलेला मोठा पियानो नव्हता, रंगमंचावर उभा पियानो होता. ती म्हणाली, यावर मी गाणार नाही. तेव्हा तिथल्या विद्यार्थ्यांनी गावातल्या एका वृद्ध बाईंकडून मोठा पियानो मागून आणला, स्वतः उचलून थिएटरात आणला. कार्यक्रम पुष्कळ उशिरा सुरू झाला आणि लोकांनी तिला जाऊ दिलं नाही. तिने मुक्काम वाढवला आणि निघायच्या आदल्या दिवशी थिएटरच्या छोट्या बागेत बसून हे गाणं लिहिलं. त्यात मोठमोठ्या घोषणा नाहीत. इथे सेन नदी नाही, व्हँसेनचं रान नाही, पण गॉटिंगेनचे गुलाब फार सुंदर आहेत. मुलं इथून तिथून सारखीच, पॅरिसची काय, गॉटिंगेनची काय. रक्ताचे आणि द्वेषाचे दिवस पुन्हा कधी येऊ नयेत, कारण माझी काही माणसं गॉटिंगेनमध्ये राहतात. 2003 मध्ये फ्रान्स-जर्मनी मैत्री कराराला 40 वर्षं झाली, तेव्हा जर्मनीचे चॅन्सलर श्रोडर यांनी व्हर्सायमधल्या भाषणात याच गाण्याची आठवण काढली. ते स्वतः गॉटिंगेनला शिकलेले.

मी वर्गात हे गाणं शिकवते तेव्हा गोष्ट सांगून झाल्यावर वर्ग काही वेळ बोलत नाही. तुलाही श्रोत्यांकडून तो वेळ मिळेल. तो खाऊ नकोस. टाळ्यांची वाट न बघता, निवेदन संपलं की दोन श्वास थांब आणि सुरू कर. साथ अगदी कमी. हे गाणं ती नाचऱ्या लयीत, हलक्या आवाजात म्हणते. विषय जड आहे म्हणून आवाज जड केलास तर सगळं बिघडेल.

तिचं ‘नाँत’ मात्र अजून काही वर्षं स्वतःसाठी ऐक. मरणाऱ्या वडिलांनी बोलावलं म्हणून पावसात नाँतला पोचलेली आणि उशीर झालेली मुलगी त्यात आहे. त्या वडिलांनी तिच्या लहानपणी तिच्यावर जो अत्याचार केला होता तो तिच्या मृत्यूनंतर, 1998 मध्ये आलेल्या तिच्या अपुऱ्या आठवणींतून जगाला कळला. ते वाचल्यावर गाणं पुन्हा ऐकलं तेव्हा मला ते सबंध दिवसभर सोडेना. गाण्यात तिने दिलेला पत्ता कल्पनेतला होता, नंतर नाँत शहराने एका रस्त्याला खरोखर ते नाव दिलं.

जाक ब्रेलचं ‘न म कित पा’ (‘मला सोडून जाऊ नकोस’) सगळे गातात, तूही घातलंस. ब्रेल स्वतः त्याला प्रेमगीत मानत नसे, पुरुषाच्या दुबळेपणाचं गाणं मानत असे. तुझ्या सावलीची सावली होईन, तुझ्या कुत्र्याची सावली होईन, इतकं लाचार होत जाणारा माणूस आहे तो. प्रत्येक कडव्याच्या शेवटी तेच वाक्य चारदा येतं. लोक ते चारदा चढवत नेतात, खरं तर ते चारदा खचत जायला हवं. हे साधायला वेळ लागतो. म्हणून आत्ता त्याचं ‘ले व्हिय’ घे. 1963 चं. म्हाताऱ्या जोडप्याचं घर. त्यात थाइमचा, लव्हेंडरचा, स्वच्छतेचा आणि जुन्या शब्दांचा वास. त्यांचं जग आक्रसत जातं: पलंगापासून खिडकीपर्यंत, मग पलंगापासून खुर्चीपर्यंत, मग पलंगापासून पलंगापर्यंत. बैठकीतलं लंबकाचं घड्याळ हो म्हणतं, नाही म्हणतं, आणि म्हणतं मी तुमची वाट बघतोय. शेवटच्या ओळीत ते आपली, म्हणजे ऐकणाऱ्या सगळ्यांची वाट बघतं. तिथे आवाज उंचावू नकोस, सगळ्यांकडे बघून सांग. लय घड्याळाची आहे, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत एकसारखी. तुझ्या तबलजीला हे गाणं दे, फक्त बोटाच्या टोकाने एकेक ठोका.

तू म्हणशील, बावीस वर्षांच्या मुलीने म्हाताऱ्यांचं गाणं कसं गावं? ब्रेलने ते लिहिलं तेव्हा तो 34 वर्षांचा होता. तरुणपण गेल्याची हळहळ सांगणारं ‘ला बोएम’ आझ्नाव्हूरने गायलं तेव्हा तो 41 चा, आणि शब्द तर त्याचे नव्हतेच, जाक प्लाँतचे होते. या लोकांनी माणसं बारकाईने बघितली होती. तुझी आजी घरात आहे. ती खुर्चीतून कशी उठते, उठण्याआधी हात कुठे टेकवते, ते बघ आणि मग गा. ‘ला बोएम’ पुढच्या वर्षी करू. आणि तेव्हाही त्याचा तो पांढरा रुमाल हातात घ्यायचा नाही. गाण्यातला चित्रकार हात पुसतो, म्हणून त्याच्या हातात तो होता आणि शेवटी तो खाली पडायचा. तो त्याचा आहे.

अभिनयाची नक्कल नको तशी आवाजाचीही नको. पियाफसारखा घशातून घरघरणारा ‘र’ काढायचा प्रयत्न तू मागच्या खेपेला केलास, गळा दुखला ना? साधा घशातला ‘र’ पुरतो. लांबवलेल्या अनुनासिक स्वराकडे मात्र लक्ष दे. आपण मराठी माणसं तो शेवटी ‘न्’ किंवा ‘म्’ करून मिटतो. सूर संपेपर्यंत तोंड उघडं राहिलं पाहिजे. ‘त्यु’मधला स्वर काढताना जीभ ‘ई’ची आणि ओठ ‘ऊ’चे, हे वर्गात पुष्कळदा झालंय. बाकी उच्चार तुझे चांगले आहेत.

आणि ‘आपण परके, आपल्या तोंडी हे शोभेल का’ असं जे तू लिहिलंस ते मनातून काढ. ब्रेल ब्रसेल्सजवळचा, बेल्जियन. मोंताँ इटलीत जन्मलेला इव्हो लिव्ही. आझ्नाव्हूर आर्मेनियन निर्वासितांचा मुलगा, समीक्षकांनी त्याच्या आवाजाची वर्षानुवर्षं टर उडवली, 1960 साली, 36 व्या वर्षी, ‘आल्हांब्रा’च्या रंगमंचावर त्याला खरं यश मिळालं. मुस्ताकी अलेक्झांड्रियाचा, दालिदा कैरोची. लेओ फेरे मोनाकोचा. फ्रेंच लोकांनी यांची गाणी आपली म्हणून उराशी धरली, कारण यांनी ती भाषा मन लावून वापरली. तू ती इतकी वर्षं मन लावून शिकली आहेस. फ्राँस्वाझ आर्दी आणि गँसबूरची गाणी तुझ्या मैत्रिणींना आवडतात हे मला माहीत आहे, मलाही आवडतात, पण या संध्याकाळी नकोत. त्यांची हवा वेगळी, बाकीच्यांशी जुळणार नाही.

तर क्रम असा: ‘ला मेर’, ‘ले फय मोर्त’, ‘शाँसों पूर लोव्हेर्न्या’, मग ‘ला फूल’ने सभागृह जागं कर, त्यानंतर ‘गॉटिंगेन’, ‘ले व्हिय’, आणि शेवटी ‘ईम्न आ लामूर’. वन्स मोअर आला तर नमस्कार करून आत जा. ब्रेल कधीच वन्स मोअर देत नसे, आणि वर्षाला तीनशेच्या आसपास कार्यक्रम करूनही 1967 मध्ये, अजून लोक वेडे होत असताना, त्याने मंच सोडला.

उच्चारांच्या खुणा केलेले कागद सोबत आहेत. रविवारी सकाळी घरी ये. पेटी आणू नकोस, गिटारवाल्यालाही आणू नकोस. ‘गॉटिंगेन’ फक्त पाठ करून ये, आणि माझ्यासमोर बसून, चालीशिवाय, मला ते सांग. तुझ्या आईलाही आण. त्यांना फ्रेंच येत नाही, म्हणून त्या मला हव्या आहेत. त्यांच्याकडे बघत सांगायचं.

तुझी,
मॅडम